कॅप्टनची उशी

आमच्या अमरावतीच्या स्कायडायव्हिंग क्लबात चार जण चहाला बसले, की किस्से संपता संपत नाहीत. कसे संपतील? विमानातून खाली उडी मारायला निघालेला माणूस काहीही बोलतो! मी तिथं पॅराशूटच्या घड्या घालतो. सगळ्यांचे जीव माझ्या हातात, त्यामुळे माझ्याशी कोणी भांडत नाही.

परवा तेल्हाऱ्याचे एक कापूसवाले पाटील आले. विमानात बसेपर्यंत मिशीला पीळ. वर दरवाजा उघडला, तसे उडी शिकवणाऱ्या नितीनभाऊंना म्हणतात, "भाऊ, दरवाजा लावा ना, वारा लागून राहिला!"

उडी मारली त्यांनी, पण डोळे गच्च मिटून. खाली आल्यावर म्हणाले, "लई मजा आली! आता व्हिडिओ दाखवा, मले काय काय दिसलं ते पाहू द्या."

नितीनभाऊ स्वतः एकदा वाऱ्यानं भरकटले आणि बडनेऱ्याकडं एका कोबीच्या वावरात उतरले. मालक धावत आला. भाऊंना वाटलं, आता खातो मार.

मालक म्हणाला, "वरून माह्या वावराचा धुरा दिसला असन तुमाले. शेजाऱ्यानं बांध सरकवला का नाय, खरं सांगा!"

तेवढ्यात शेजारीही आला. भाऊ दोघांकडं जेवले, पण निकाल काही दिला नाही.

परतवाड्याची एक मुलगी लग्नाआधी उडी मारायचीच म्हणून हटून बसली. तिला अडवायला होणारी सासू आली. दोन तास समजूत घातली, आणि शेवटी स्वतःच हेल्मेट मागितलं. "सून उडन अन् मी काय खाली उभी राहू?"

नवरदेव दोघींच्या चपला धरून खाली उभा!

आता आमचे पायलट, अकोल्याचे कॅप्टन मधुकरराव. दुनियेला उड्या मारायला लावल्या, स्वतः कधी मारली नाही. "चांगलं चालतं विमान सोडून उडी माराले मी काय येडा आहो?"

पायलटलाही पॅराशूट बांधावं लागतं. पण कॅप्टन उंचीला बेताचे, म्हणून ते त्याची उशी करून वर बसायचे. नव्यानं घडी घालायला मागितलं, की खेकसायचे, "उशी नेली तं मले समोरचं काय दिसन?"

शेवटी पोळ्याला क्लब बंद होता, तेव्हा मी ते उचललंच. नीट घडी घातली आणि बजावलं, "पट्टे बांधाल तरच बसा. नाहीतर मी कोणाच्याच घड्या घालत नाही!" शिव्या देत देत बांधले बुवा त्यांनी.

पुढच्याच आठवड्यात एकाचं पॅराशूट विमानाच्या दारातच उघडलं आणि शेपटीत अडकलं. शेपटी मोडली! तो कसाबसा सुटून जवळच्या राखीव पॅराशूटवर खाली आला, बाकीच्यांना नितीनभाऊंनी बाहेर ढकललं आणि शेवटी स्वतः उडी मारली. सगळी पॅराशूटं उघडली, पण कॅप्टन दिसेनात. विमान गरगर फिरत खाली येत होतं.

मी खालून बोंबलत होतो, "अबे उडी मार ना बुढ्या!" त्यांना काय ऐकू जाणार, पण डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून शिव्या, दोन्ही थांबेनात.

आणि एक ठिपका सुटला! वर पॅराशूट फुललं. विमान लांब पडीक जमिनीत जाऊन आपटलं, कोणाला काही झालं नाही.

मी जीप घेऊन पोचलो, तर कॅप्टन झेंडूच्या वावरात बसलेले. समोर एक म्हातारी फुलं तोडत होती. तिनं विचारलं, "कोणाकडचे पाहुणे, बापा?"

कॅप्टन रडवेले होऊन म्हणाले, "माय, माहं विमान पडलं वं! उडी मारून आलो मी!"

म्हातारीनं टोपली खाली ठेवली, त्यांना पाणी दिलं आणि चिडून म्हणाली, "मंग येष्टीनं याले काय झालं होतं?"