डाव्या हाताचा चुडा

नणंदेच्या लग्नाचा चुडा भरायचा दिवस सासूबाईंनी नेमका माझ्या तपासणीच्या दिवशी ठेवला. का, तर मला वाईट वाटू नये! स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपून दोन वर्षं झाली, तरी माझा डावा हात सुजतो. त्यावर दिवसभर सूज दाबून ठेवणारा लांब मोजा असतो आणि घट्ट बांगडी चालत नाही. नणंदेनेच फोनवर बातमी फोडली. माझं डोकंच फिरलं. चौतिसाव्या वर्षी मला जपून कपाटात ठेवायला मी काय काचेची बरणी आहे? सगळ्यांसारखं मलाही चटईवर बसून बांगड्या भरायच्या होत्या, बस. सकाळीच तपासणी उरकली आणि विरारहून स्कूटर थेट निर्मळला, सासरी नेली.

मला बघून ओटीवरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी बांगडीवालीसमोर मांडी घातली नि उजवा हात पुढे केला. केमोपासून माझी बोटं बधिर आहेत.

"दुखतंय का?" तिने विचारलं.

"मला काय कळतंय? चढली का, ते तुम्हीच सांगा."

चुलतसासूबाई फिसकन हसल्या, मग सगळ्याच हसल्या.

तेवढ्यात अंगातून वाफ उठली. आजार उलटू नये म्हणून रोज घेते त्या गोळ्यांमुळे मला असे भडके येतात.

"पंखा लावा!" मी ओरडले, आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाईही. त्यांचे भडके वयाचे, पाळी जातानाचे. भर थंडीत आम्ही दोघी पंख्याखाली घामाघूम, आणि नवरी गारठून शाल शोधतेय!

"माझ्या वयात तू कशाला घुसलीस गं?" सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हाला सोबत म्हणून, आई."

हसून हसून पोट दुखलं.

"आणि ह्या हातात?" बांगडीवालीने विचारलं. मी मोजा उतरवला. सुजलेलं मनगट सगळ्यांसमोर उघडं पडलं. लाज वाटेल वाटलं होतं, वाटली नाही. सासूबाईंनी पेटीतली सगळ्यात मोठी हिरवी बांगडी स्वतः शोधली, माझा हात मांडीवर घेतला आणि हळूहळू ती चढवली. आत त्यांची दोन बोटं सहज जात होती.

दुखेल म्हणून आजवर त्या हाताला घरातलं कोणी शिवलंच नव्हतं. त्यांच्या तळव्याची ऊब मनगटाला लागत होती. इतकं बरं वाटलं की काय सांगू!

"झालं," त्या म्हणाल्या आणि हात सोडायला लागल्या.

"अजून एक भरा ना," मी म्हटलं.