ओट्यावरचा ठेका

चूक माझीच होती. "ज्या कवीला रोमनांनीही विसरून टाकलं, त्याला तू कशाला उकरून काढतेस?" असं मी पाहुण्यांसमोर माझ्या बायकोला, सुमतीला, म्हणालो. सगळे हसले. तीही हसली, पण त्या कवीच्या ज्या लॅटिन ओळी ती रोज मोठ्याने म्हणायची, त्या त्यानंतर घरात ऐकू येईनात.

आज दूध तापवताना ती ओट्यावर बोटांनी ठेका धरत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. साम्राज्य ढासळत असताना त्या कवीने आपल्या विहिरीच्या गार पाण्यावर ओळी रचल्या होत्या. इतक्या शतकांनी त्या आमच्या स्वयंपाकघरात, तिच्या बोटांत जिवंत होत्या. माझ्या थट्टेने फक्त मुक्या झाल्या होत्या.

"मोठ्याने म्हण ना," मी म्हणालो.

"तुला काय कळणार?"

"काही नाही. पण ऐकायचंय. त्या दिवशी चुकलो मी, सुमती."