पडक्या घराचा दगड

आमच्या गल्लीत दारापुढं काय घालायचं, हे गल्लीनंच ठरवून टाकलं होतं. सिमेंटचे लाल-पिवळे ब्लॉक, तेही नागमोडी. लातुरात क्लासेसची लाट आली तशी प्रत्येकानं घरावर एखाददुसरा मजला चढवला, बाहेरगावच्या पोरापोरींना खोल्या दिल्या, आणि पालक खोली बघायला आले की आधी दार कसं दिसतं ते बघू लागले. आम्हीही वर मुली ठेवल्या. मी शाळेत शिक्षिका, नवरा सरकारी कचेरीत. घर पुरं झालं होतं, राहिलं होतं ते अंगण. गेटपासून पायरीपर्यंतची मोकळी जागा, जिथं गाडी लागणार, मुलींच्या सायकली लागणार आणि सकाळी माझी आई ऊन खात बसणार.

"दगड घालू या," मी जेवताना म्हणाले.

नवऱ्यानं आधी आतल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. आई आत होती. "हळू बोल," तो म्हणाला.

माझ्या माहेरचं घर औसा तालुक्यातलं. दगडी भिंती, वर मातीचं जाड माळवद. भूकंपात ते बसलं आणि आत झोपलेला माझा धाकटा भाऊ गेला. आई बाहेर बाजेवर होती म्हणून राहिली. मी तेव्हा लग्न होऊन लातुरात आले होते. पुढं गाव दुसरीकडं वसलं, आईला सरकारी खोली मिळाली, तिथं ती कितीतरी वर्षं एकटी राहिली. लेकीच्या दारात राहायचं नाही, हा तिचा हट्ट. गुडघ्यांनी हात टेकले तेव्हा कुठं ती आमच्याकडं आली, आणि आली तरी कपड्यांची पिशवी तिनं कपाटात ठेवली नाही. ती खुंटीला लटकलेलीच असायची.

तिच्यासमोर दगडाचं नाव काढायचं नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. पाटा-वरवंटा माळ्यावर गेला, मिक्सर आला. न्हाणीघरातली पाय घासायची दगडी वजरीसुद्धा नवऱ्यानं फेकून दिली. कुणी पाहुणा भूकंपाचं बोलू लागला की आम्ही त्याच्यापुढं चिवडा सरकवायचो. हे सगळं आईच्या भल्यासाठी चाललं होतं, आणि आईला कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

मला या सगळ्याचा राग यायचा. दगडाचा काय दोष? आमच्याकडच्या भिंती म्हणजे आतून एक थर, बाहेरून एक थर आणि मधे माती नि बारीक खडी. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठं नाहीच. जमीन हलली की भिंत फुगते आणि दोन्हीकडं फुटते. भूकंपानंतर आलेल्या इंजिनियरांनी हे सांगितलं होतं आणि मी ते पाठ करून टाकलं होतं. लग्नाकार्यात बायका दगडाला शिव्या घालू लागल्या की मी सुरू व्हायचे. पुढंपुढं मी दिसले की बायका ताट उचलून दुसऱ्या पंगतीला बसायच्या.

तरी मी आधी दुकानं पालथी घातली. शहाबादी फरशी घरात ठीक, पण गाडीखाली तिचे पापुद्रे निघतात. कोटा गुळगुळीत. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढून फरशीवर ओतायचे आणि चप्पल घासून बघायचे, दुकानदार तोंड वाकडं करायचे. नांदेडला माझ्या नणंदेनं दारापुढं आरशासारखा ग्रॅनाइट घातला होता. सडा टाकला की घरातली माणसं भिंत धरून बाहेर पडायची. मला खरखरीत, जड, पाणी न पिणारा दगड हवा होता. म्हणजे काळा दगड. आणि तसा ढीगभर दगड आमच्या जुन्या गावठाणात, आमच्याच घराच्या जागेवर, बाभळीच्या झुडपांत पडून होता.

हे सांगितलं तेव्हा नवरा ताटावरून उठला.

"तू काय करायलीस, कळतं का तुला? आई तो दगड ओळखतील. दुसऱ्या दिवशी ती पिशवी उचलून गावाकडं निघतील. मग तिथं एकट्या पडल्या-झडल्या तर?"

हे खरं होतं. मला त्याचीच भीती वाटत होती, आणि ती भीती मी त्याला दाखवली नाही. पण भावाचं घर बाभळींना सोडून द्यायचं आणि दारात लाल-पिवळे ब्लॉक घालून आम्ही सुखी आहोत असं दाखवायचं, हे मला जमणार नव्हतं. आई गेली तर मी तिच्या मागं जाईन, असंही मी मनात ठरवून टाकलं. दगड आणायचा तर दिवसाढवळ्या, तिच्यादेखत. लपूनछपून काही नाही.

दगडांचा टेम्पो आला तेव्हा आई आत पोथी वाचत होती. मिस्त्री उदगीरचा. त्यानं एक दगड उलटापालटा केला. आमच्याकडच्या भिंतीच्या दगडाचं तोंड तेवढं टाकीनं घडवलेलं असतं, पाठीमागं तो निमुळता, ओबडधोबड असतो.

"बाई, ही शेपटी छाटून टाकू. सपाट बसंल," मिस्त्री म्हणाला.

"छाटायची नाही. खड्डा खोल घ्या, शेपटी जमिनीत जाऊ द्या."

"काम वाढतंय, बाई."

"वाढू द्या."

त्यानं खांदे उडवले आणि पहिला दगड बसवला. तोंड वर, शेपटी खाली. मोगरीनं ठोकला. त्या आवाजानं आई बाहेर आली.

नवरा पुढं धावला. "आई, तुम्ही आत बसा, इथं धूळ लई हाय." तिनं त्याला हातानं बाजूला केलं. पायऱ्या उतरायला तिला वेळ लागला. ढिगापाशी येऊन ती वाकली आणि एका दगडावरची माती पदरानं पुसली. त्यावर जुन्या चुन्याचा निळसर पट्टा होता.

"सैपाकघराच्या भिंतीचा," ती म्हणाली. "ही निळी म्या टाकली व्हती चुन्यात."

माझं तोंड गप्प बसेना. मी पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं. दोन थर, मधली माती, आरपार दगड नव्हता. "दगडाचा दोष नव्हता, आई."

तिनं पुरतं ऐकून घेतलं.

"झालं तुझं? तू शिकलेली हायस, तुझं खरं आसंल. मला न्हाई पटत. माझ्या लेकराच्या अंगावर म्या हेच बघितलेत. मातीचं मला सांगू नको."

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मिस्त्रीनं मोगरी खाली ठेवली. मी खुंटीवरच्या पिशवीचा विचार करत होते.

"फेकून देतो, आई," नवरा म्हणाला. "आत्ताच टेम्पो भरतो."

"फेकायचं कशाला, जावई? इतकी वर्सं फेकलेलाच व्हता की. तिथं बाभळीत मजेत पडला व्हता." तिनं चप्पल काढली. मिस्त्रीनं बसवलेल्या त्या एकुलत्या एक दगडावर आधी एक पाय ठेवला, मग दुसरा, आणि माझा हात धरून दुखऱ्या गुडघ्यांनी टाच आपटली. "इथं आणलास ते ब्येस केलंस. सगळा घाल. रोज तुडवीन म्हणते."

मग आत जाता जाता म्हणाली, "आन् पाटा काढा माळ्यावरला. त्या मिक्सरच्या चटणीला चव न्हाई."

अंगण झालं. गल्लीतले लोक अजून विचारतात, हे काय जुनाट घातलं? पालक गाडी लावतात, मुली सायकली आपटतात, एक दगड हलत नाही. पिशवी कपाटात गेली. आई रोज सकाळी अनवाणी गेटपर्यंत जाते आणि परत येते, सावकाश, एकही दगड न चुकवता. मी अजूनही मातीलाच दोष देते, आणि ती अजूनही ऐकत नाही.

गौरी आल्या तेव्हा वरच्या मुली रांगोळीचे डबे घेऊन अंगणात बसल्या. आई काठी टेकत बाहेर आली.

"तिथं न्हाई," ती म्हणाली. "पायरीवर काढा. दगडावर गाड्या घाला, नाचा, कायबी करा. रांगोळीचा मान त्येला न्हाई."

मुलींनी माझ्याकडं पाहिलं. मी डबे उचलले आणि पायरीवर नेऊन ठेवले.