क्रमाचा मंग, कारणाचा मंग

माहितीचा उतारा कसा बांधलेला असतो, हे पाचवीच्या पोरांना ओळखायला शिकवणं फार सोपं आहे, असं मी आमच्या भोकरदनकडच्या शिक्षण परिषदेत ठासून सांगितलं. परिषद म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांची महिन्याची बैठक. चहा येईपर्यंत तिथं कुणीतरी बोलावं लागतं, आणि मला बोलायला निमित्त लागत नाही. "माझी पोरं कोणताही उतारा ऐकून सांगतील, यात क्रम आहे, कारण-परिणाम आहे की तुलना," एवढं बोलून मी बसलो.

केंद्रप्रमुख मॅडम म्हणाल्या, "बराबर. पुढची परिषद तुमच्याच वर्गात. जमलं तर सगळ्या शाळांत हेच सुरू करू."

न जमलं तर काय, ते मॅडमनी सांगितलं नाही. शेजारी बसलेल्या, धावडा गावच्या गुरुजींच्या मिशीत ते स्पष्ट दिसत होतं.

माझी युक्ती साधी होती: खुणेचे शब्द. फळ्यावर ठळक लिहिलं. 'म्हणून' दिसलं की कारण-परिणाम. 'पेक्षा', 'उलट' दिसलं की तुलना. 'आधी', 'मग', 'शेवटी' दिसलं की क्रम. पोरांनी पुस्तकातले उतारे धडाधड ओळखले. माझा सदरा छातीवर तंग व्हायला लागला.

परिषदेच्या दिवशी सगळे गुरुजन मागं सतरंजीवर मांडी घालून बसले. दोन उतारे झाले, उत्तरं बिनचूक आली. तिथंच थांबलो असतो तर तो मी कसला! म्हणालो, "आता पुस्तकं मिटा. एकानं मनानं माहिती सांगा, बाकीच्यांनी ओळखा."

घरी मेंढ्या असलेली एक मुलगी उठली. "पाऊस झाला की मेंढ्यायच्या वाड्यात चिखल होतो. मंग मेंढ्या त्याच्यातच उभ्या राहतेत. मंग त्यायची खुरं सडतेत. मंग त्या लंगडतेत."

"क्रम!" अख्खा वर्ग ओरडला.

"नीट ऐका. लंगडतात कशामुळं?"

"क्रमामुळं!"

सतरंजीवर कुणाला तरी खोकला आला.

"अरे, हे कारण-परिणाम आहे!"

मुलीनं फळ्याकडं बोट केलं. "सर, तुमीच लिव्हलं ना, मग आला की क्रम? मी तं तीनदा मंग म्हनले."

आमच्याकडं 'मंग' म्हणजे गावातली एकुलती एक काळीपिवळी जीप. बाजार, दवाखाना, वरात, सगळं तिच्यातच. त्यानंतर म्हणजे मंग, त्यामुळं म्हणजेही मंग, आणि भांडण उकरायचं तरी 'मंग?' मीही दिवसभर तसाच बोलतो, आणि फळ्यावर मात्र तिला एकाच गावाची पाटी लावून मोकळा झालो होतो.

मी फळ्यावरचा 'मग' पुसला. "मंगच्या जागी 'त्याच्यामुळं' घालून बघा."

"बसतंय!"

"आता 'त्याच्यानंतर' घाला."

"ते बी बसतंय, सर!"

आता मीच अडकलो. तेवढ्यात मागून धावड्याचे गुरुजी बोलले, "क्रमच आहे हा. क्रम म्हणजे एकामागून एक काय घडलं."

पिंपळगावच्या बाई उसळल्या, "न्हाई हो गुरुजी! हे कारण. कारण म्हणजे ते का घडलं."

"क्रमात घड्याळ चालतं, बाई."

"अन् कारणात डोकं चालतं, गुरुजी!"

सतरंजीची सरळ फाळणी झाली. मेंढ्यावाली मुलगी मला हळूच म्हणाली, "सर, हे मागं तुलना करून राह्यले."

"मोठ्यानं सांग," मी म्हणालो. तिनं सांगितलं.

मॅडमनी विचारलं, "कशावरून? खुणेचा शब्द कोणता?"

"शब्द न्हाई, मॅडम. ह्या दोघायनं क्रम अन् कारण शेजारी-शेजारी ठिवले, अन् कोन्तं कशानं येगळं ते सांगून राह्यले."

मॅडमनी 'बराबर' म्हणत ते वहीत लिहून घेतलं.

"पुढच्या महिन्यापासून सगळ्या शाळांत सुरू करू," मॅडम म्हणाल्या, "फळ्यावरचे नियम सोडून."

मी शांतपणे मान डोलावली, जणू ते नियम मी मुलांनी मोडावेत म्हणूनच लिहिले होते.