सूज उतरेल, असं मी म्हणालो

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. पत्नीजवळ नाही, आणि विहारात डोळे मिटून बसतो तेव्हा स्वतःजवळही पुरतं नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून सांगवत असेल — किंवा इतकी वर्षं गप्प राहिल्यावर गप्प राहण्याचंही त्राण उरत नाही, तसं काही असेल.

माझा व्यवसाय अर्जनवीसाचा. औरंगाबादच्या कचेरीबाहेर टेबल टाकून मी लोकांची गाऱ्हाणी सरकारी भाषेत मांडतो. शिक्षण नववी नापास. हे वाक्य मी प्रथमच लिहितो आहे. माझ्या इंग्रजीचा मात्र वस्तीत लौकिक होता. ती मी कुठे शिकलो? वाळूजच्या कारखान्यांत बोटं चेपलेल्या कामगारांच्या भरपाईच्या अर्जांना डॉक्टरांचे दाखले जोडावे लागत, त्या दाखल्यांवरून. फ्रॅक्चर, इन्फ्लमेशन — सगळी दुखापतीची इंग्रजी. इन्फ्लमेशन म्हणजे सूज, आणि सुजेवर गोळी कोणती, तेही त्यातच असे. एवढ्या भांडवलावर लोक मला साहेब म्हणत, आणि मी म्हणू देत असे.

सुखदेवदादा माझे थोरले बंधू. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर. नामांतराच्या मोर्च्यांत ते पुढे असत. लाठ्या खाल्ल्या, नोकरीतले खाडे सोसले. मी निवेदनं लिहिली — सावलीत बसून. त्यावरून ते मला आयुष्यभर 'कारकून' म्हणत, आणि ते मला झोंबत असे. विद्यापीठाला नाव मिळालं, आणि पुढच्या वर्षभरातच दादा विसरू लागले. आधी हत्यारांची नावं, मग घराची वाट, मग तेच — ज्यासाठी लाठ्या खाल्ल्या होत्या.

"नाव दिलं का गं विद्यापीठाला?" रोज सकाळी ते वहिनींना विचारत.

"दिलं की. पेढे खाल्ले नाय का तुमी?"

"मला कुणी सांगितलंच नाय." आणि मग चेहरा असा उजळे, की बघत राहावं. वहिनी मला म्हणत, "बघा भाऊजी, आपल्याला आनंद एकदाच झाला. यान्ला रोज व्हतो."

मी दादांना शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. आत मी एकटा गेलो — माझ्याच हट्टानं. डॉक्टरांनी विचारलं, मराठीत सांगू का? मी म्हणालो, नो सर, इंग्लिश चालेल. का म्हणालो? त्या एका नकाराला किती वर्षं झाली, आणि मी अजून त्याच खुर्चीत बसलेलो आहे.

मला उमगलं ते एवढं: हा स्मृती पोखरणारा रोग आहे, यावर हमखास इलाज नाही. परदेशातल्या काही संशोधकांना संशय आहे की या रोगात मेंदूत एक इन्फ्लमेशन धुमसत असतं. सांधेदुखीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत हा रोग कमी दिसतो म्हणतात; त्याच्या चाचण्या चालू आहेत. पुढच्या वाक्यात 'नॉट' हा शब्द होता, आणि ते बोलताना डॉक्टरांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. हात का ठेवला, हे मी विचारलं नाही. पण 'नॉट' — तो मला समजला होता. कळलं ना, असं त्यांनी विचारलं. येस सर, मी म्हणालो.

बाहेर बाकावर वहिनी दादांचा हात धरून बसल्या होत्या. "काय म्हनले डाक्तर?"

मी म्हणालो, "मेंदूला सूज आहे. गोळीनं उतरेल."

"म्हंजी बरे व्हतील?"

"व्हय."

त्या क्षणी मी दाखल्यांवर वाचलेली गोळी आठवत होतो — चेपलेल्या बोटाची. सूज ती सूज, असा माझा न्याय. दुकानातून गोळ्या आणल्या आणि डॉक्टरांनीच दिल्या असं सांगितलं. सकाळच्या चहाबरोबर, रिकाम्या पोटी, दादा त्या घेऊ लागले. एके दिवशी मला बघून ते म्हणाले, "आला का रं कारकुना?" वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आणखी एक गोळी वाढवली. आनंदानं? की तो शब्द पुन्हा ऐकून माझं मोठेपण सिद्ध करायचं होतं म्हणून? तुम्हीच काय समजायचं ते समजा.

मग दादांना शौचास काळं होऊ लागलं, आणि एका दुपारी ते ओट्यावर कोसळले.

पोटात रक्तस्राव झालाय, असं दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी सांगितलं आणि मराठीतच विचारलं, अंगदुखीच्या, सांधेदुखीच्या गोळ्या चालू होत्या का? वहिनींच्या लेखी ती मेंदूची गोळी होती. त्या काय बोलणार? गोळ्यांचं पाकीट माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. मी म्हणालो, नाही.

खरं सांगितलं असतं तर दादा वाचले असते? ठाऊक नाही. मी ठाऊक होऊच दिलं नाही.

डॉक्टरांनी मग विचारलं, तिखट फार खातात का? वहिनी पटकन म्हणाल्या, "खात्यात जी. ठेच्याबिगर घास उतरत नाय त्यांचा." आणि मी — इथं माझा हात थांबतो — मी म्हणालो, "मी वहिनींना कितीदा सांगितलं होतं." एकदाही सांगितलं नव्हतं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, आणि मग मान खाली घातली.

दादा तिथंच गेले.

मेंदूतल्या त्या सुजेवर अजून शोध चालू आहेत, असं वर्तमानपत्रात अधूनमधून येतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ताठ झालो: म्हणजे माझा शब्द चुकला नव्हता. पण ती माणसं तपासून पाहतात, अपाय दिसला तर थांबतात, आणि विचारलं तर खरं सांगतात. माझ्या खिशातल्या पाकिटाचा त्यांच्या शोधाशी काय संबंध?

वहिनी आजही दोन गल्ल्यांपलीकडे राहतात. त्यांना वाचता येत नाही, हे लक्षात ठेवूनच मी हे लिहितो आहे. त्यांच्या घरात तेव्हापासून हिरवी मिरची आलेली नाही. दरवर्षी दादांच्या स्मृतिदिनाला त्या पंगतीतल्या बायकांना सांगतात, "मीच तिखट चारून माझ्या माणसाचा घात केला." बायका त्यांच्या पाठीवरून हात फिरवतात.

यंदाही त्या तसं बोलल्या. मग वरणाचं भांडं घेऊन माझ्यापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बिनतिखटाचंच हाय भाऊजी. वाढू का?"

मी ताट पुढं केलं.