रविवार दुपारची तटबंदी

चार माणसं दर आठवड्याला एका ठिकाणी बसली आणि हातात घेतलेलं काम जमत नसलं, की किस्से आपोआप साचतात. जमलेल्या कामाचे किस्से होत नाहीत. काम संपतं, माणसं घरी जातात. आमचं जमत नव्हतं, म्हणून आम्ही पुन्हा पुन्हा जमत होतो!

काम काय, तर कॉम्प्युटरवरच्या युद्धाच्या गेममध्ये शत्रूची तटबंदी फोडायची. जागा, इंदापूरच्या स्टँडजवळचं सलीमचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान. रविवारी दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा रिपेअर होऊन पडलेली मशीन एकमेकांना जोडून आम्ही बसायचो. सलीम, सणसरच्या शाळेत गणित शिकवणारी ऋतुजा, बावड्याचे आबा आणि मी. मी ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर असतो. आठवडाभर माणसं समोर उभी राहून "लवकर, लवकर" करतात, त्यामुळे रविवारीसुद्धा मला एका जागी बसवत नाही. पाय हलत राहतो. टेबल हलतं. टेबल हललं की ऋतुजा ओरडते.

समोर काटेरी तारा. तारांमागे सुरुंग, त्यामागे बंकर, त्यामागे टेकडी आणि टेकडीआड तोफा. या सगळ्याच्या पाठीमागे एक छोटं गाव. ते गाव घेतलं की जिंकलो. हे सगळं सांभाळणारा पलीकडे ऑनलाइन बसलेला एकच माणूस! स्क्रीनवर त्याचं नाव दिसायचं, 'शांत'. तो आमच्याशी कधी एक अक्षर बोलला नाही. तो बांधत राहायचा, आम्ही जाऊन मरत राहायचो.

*

आबा आमच्यात कसे आले, ते आधी सांगतो.

ते फुटलेला मोबाइल घेऊन दुकानात आले होते. साठी उलटलेला माणूस, पांढरा पायजमा, कारखान्याला ऊस घालून वैतागलेला. सलीम मोबाइल उघडून बसला आणि आबा आमच्या मागे उभे राहून स्क्रीन बघायला लागले.

"ह्ये काय चाललंय?"

"लढाई, आबा. ते पलीकडचं गाव घ्यायचंय."

"मग तुमी काय करताय?"

"वाट बघतोय. तोफा यायच्यात."

आबांनी आणखी थोडा वेळ बघितलं. मग म्हणाले, "सरक."

मी सरकलो. आबांनी माउस कसा धरायचा ते विचारलं, सगळी फौज एकदम कशी निवडायची ते विचारलं, आणि पायदळ, रणगाडे, डॉक्टर, स्वयंपाकाची गाडी, जे काय होतं ते सगळं सरळ समोर घातलं!

चहा यायच्या आत आमचा एक माणूस शिल्लक राहिला नाही.

आबांनी माउस शांतपणे टेबलावर ठेवला. "पोरं कच्ची हायत तुमची," म्हणाले, आणि मोबाइल घेऊन गेले.

पुढच्या रविवारी आम्ही पोचलो तर दुकानाच्या पायरीवर आबा आधीच बसलेले.

*

सलीमचे अब्बा दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम, रामराम, दोन्ही करतात. एकदा आमचा हल्ला रंगात आलेला. सलीम ओरडत होता, "सुरुंग! सुरुंग लावलाय! पूल उडव!" तेवढ्यात अब्बा आत आले आणि त्यांनी काचेचं दार ओढून घेतलं.

"सलीम," ते हळू आवाजात म्हणाले, "खेळ खेळा. पण बाँब, सुरुंग, उडव... असले शब्द आपल्या दुकानातनं रस्त्यावर जायला नकोत."

सलीम हसला नाही. आम्हीही कुणी हसलो नाही. 

मग ऋतुजा म्हणाली, "शेतीचे शब्द घेऊ या."

असं ठरलं. सुरुंग म्हणजे भुईमूग. बंकर म्हणजे गुऱ्हाळ. रणगाडा म्हणजे ट्रॅक्टर. अब्बांनाही पटलं.

सलीम दुकानात फोटोही काढून देतो. त्याच महिन्यात शेळगावकडचा एक माणूस पासपोर्ट फोटो काढायला आला. पांढऱ्या पडद्यासमोर मान सरळ करून बसला होता. सलीमच्या एका हातात कॅमेरा, डोळा मात्र आमच्या स्क्रीनकडे. तेवढ्यात मी ओरडलो, "सलीम, दोन ट्रॅक्टर पेटले! तिसरा पण जातोय!"

तो माणूस स्टुलावरून उठला आणि थेट बाहेर पळाला! त्याचा नवा ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला लावलेला होता.

ट्रॅक्टरभोवती चक्कर मारून, धापा टाकत तो परत आला. "माझा तर धडधाकट उभा हाय की! मग पेटला कुणाचा?"

अब्बा खुर्चीतून न उठता म्हणाले, "बसा पावणं. आतल्यांचे पेटलेत. दर रविवारी पेटत्यात."

*

आमच्यात डोकं ऋतुजाचं. तिचा हट्ट असा, की आधी दोन माणसं सरपटत पाठवून रस्ता बघायचा. मग धूर सोडायचा. धुराच्या आडून सुरुंग काढणारे जातील. रणगाडे सगळ्यात शेवटी, आणि तेही डावीकडून, कारण डावीकडे चिखल आहे आणि तिकडे शत्रूचं लक्ष कमी. हे सगळं होईपर्यंत नुसतं बसायचं. ती हातातलं बॉलपेन टकटक करत बसायची, मी पाय हलवायचो, आणि आबा दर थोड्या वेळानं म्हणायचे, "आता?"

"नाही आबा."

"आता?"

तिसऱ्या "आता"ला ते न विचारताच निघालेले असायचे. असे आम्ही कितीतरी रविवार हरलो.

तर या ऋतुजाला बघायला बारामतीहून पाहुणे आले. पोरगा इंजिनिअर. पोहे झाले, चहा झाला. पोराच्या आईनं विचारलं, "छंद काय आहेत तुला?"

ऋतुजा म्हणाली, "तटबंदी फोडणे."

बाईंनी विचारलं, "म्हणजे किल्ले वगैरे बघायला जातेस का?"

"नाही. फोडते."

तिच्या वडिलांनी कपाळाला हात लावला. पण तोवर खाली मान घालून बसलेल्या पोरानं मान वर केली! "आधी काय पाठवता? पायदळ की रणगाडे?"

"आधी रस्ता बघते. रणगाडे शेवटी."

"मी तर रणगाडेच आधी घालतो."

वडिलांचा जीव भांड्यात पडला. पोरांचं जुळतंय! पाहुणे गेल्यावर त्यांनी मोठ्या आशेनं विचारलं, "मग? कसा वाटला?"

"नको."

"अगं, का?"

"रस्ता न बघता रणगाडे घालणाऱ्या माणसाबरोबर संसार कसा करायचा?"

हे तिनं दुकानात सांगितलं तेव्हा आम्ही लोळलो. आबा मात्र म्हणाले, "म्हंजी माझं लगीन झालं, ह्ये नशीबच म्हणायचं!"

*

उन्हाळ्यात आबांच्या छातीत दुखलं. बारामतीला दवाखान्यात नेलं. तपासणी झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, बायपास करावी लागेल, उशीर नको.

आबा नाही म्हणाले. पोरांनी विनवलं, सुना रडल्या, भावकी येऊन गेली. आबांचं एकच, "छाती फोडू देणार न्हाय. गोळ्या द्या न्हायतर घरी सोडा." शेवटी काकींनी, म्हणजे आबांच्या बायकोनं, सलीमला फोन केला. "तुमचं ऐकत्यात. या जरा."

आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी आमच्या देखत पुन्हा एकदा कागदावर हृदय काढून दाखवलं. रक्ताची नळी इथं बंद, इथं बंद.

आबा म्हणाले, "मग फोडा की त्ये गोळ्यांनी."

"ते गोळ्यांनी फुटणारं नाही, आबा. त्याला हातच लावायचा नाही. बाजूनं नवी वाट काढायची."

आबांनी कागद हातात घेतला. उलटा धरला, सुलटा धरला. मग ऋतुजाकडं बघितलं. "म्हंजी समोरनं न्हाय जायचं?"

"नाही, आबा."

"डावीकडनं?"

डॉक्टरांना काही कळेना. ते म्हणाले, "हो... तसं समजा."

"आन् धूर?"

ऋतुजा म्हणाली, "भूल देतात ना, तोच."

आबांनी कागद डॉक्टरांना परत दिला. "आधीच असं नीट सांगायचं की! उगं चार दिस घालवलं."

*

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही बाहेर बसलो होतो. बसलो कसले! मी जिन्यानं खाली जायचो, पार्किंगमध्ये गाड्यांचे नंबर वाचायचो, परत वर यायचो. सलीम कुणाचा फोन आला नसताना फोन बघायचा. ऋतुजाचं पेन टकटक, टकटक. एका नर्सनं येऊन तिला सांगितलं, "मॅडम, ते पेन बंद करा." तिनं पेन पर्समध्ये ठेवलं आणि पर्सची चेन उघड-बंद करायला लागली.

आतून कुणी येत नव्हतं. दार उघडलं की आम्ही सगळे उभे राहायचो, तर कुणीतरी चादरी घेऊन निघून जायचं.

काकी तेवढ्या एका जागी बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी मला विचारलं, "तुमी त्यो खेळ खेळता, तवा बी असंच थांबता का रं?"

"व्हय, काकी. जास्त करून थांबायचंच असतंय."

"आन् मग जिकता?"

मी सलीमकडं बघितलं. 

"अजून न्हाय," मी म्हणालो.

काकींनी मान हलवली आणि पदर सारखा केला. "आज जिका."

संध्याकाळच्या आत डॉक्टर बाहेर आले. मास्क काढला, हसले. सलीम भिंतीकडं तोंड करून उभा राहिला, आणि मी उगाच पुन्हा जिन्यानं खाली जाऊन आलो.

*

आबा परत आले ते पावसाळा संपल्यावर. वाळलेले, हळू चालणारे, पण आले. डॉक्टरांनी धावपळ नको, ताण नको, असं बजावलं होतं. आबांनी त्यांना सांगितलं होतं, "रविवारी फकस्त कॉम्प्युटरचं काम असतंय."

त्या दिवशी सगळं जमून येत होतं. बघायला गेलेली दोन माणसं जिवंत परत आली. ऋतुजानं धूर सोडला. सलीमची माणसं चिखलातून सरपटत डावीकडच्या तारांपर्यंत पोचली, तारा तोडल्या, सुरुंग काढत काढत पुढं गेली. माझे रणगाडे मागं तयार. पहिला बंकर गप्प झाला. दुसरा गप्प झाला. टेकडीआडच्या तोफा भलतीकडंच धडाडत होत्या. तटबंदीला खिंडार पडलं होतं आणि त्यातून पलीकडचं गाव दिसत होतं! पहिल्यांदाच. कौलं दिसत होती, विहीर दिसत होती.

मी माउस घट्ट धरला. "आबा, जाऊ?"

तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली. इतके महिने एक शब्द न बोललेला 'शांत' लिहीत होता.

"शेतावरची लाइट आली. मोटर चालू करून येतो."

 ऋतुजानं घाईघाईनं टाइप केलं, "कुठले तुम्ही?"

"कन्हेरी. उसाला पाणी द्यायचंय. आलोच." आणि तो गेला.

सलीम खुर्चीतून उठलाच. "कन्हेरी! म्हंजी बारामतीचाच की! अरे, जागेवर न्हाय त्यो! घाल, घाल आत!"

मी माउस पुढं सरकवला. माझ्या हातावर आबांचा हात पडला.

"थांब."

"आबा, धूर विरतोय!"

"विरू दे."

"तोफा आपोआप परत वळत्यात, आबा! खिंडार दिसंल त्यांना!"

"दिसू दे. माणूस पाण्याला गेलाय. त्याच्या माघारी त्याच्या गावात शिरायचं न्हाय."

ऋतुजानं पेन खाली ठेवलं. धूर पातळ झाला, मग गेलाच. आमचे रणगाडे उघड्यावर उभे. एक तोफ टेकडीआडून आमच्याकडं वळली आणि पहिला गोळा पडला. माझा एक रणगाडा पेटला. मी आबांकडं बघितलं. आबा दाराबाहेर बघत होते. दुसरा पेटला. सलीमनं डोळे मिटून घेतले. अब्बा कधी आत येऊन आमच्या मागं उभे राहिले होते, ते कुणालाच कळलं नव्हतं.

कोपऱ्यात एकच शब्द उमटला.

"आलो."

आबांनी खुर्ची पुढं ओढली, कुडत्याच्या बाह्या वर सारल्या आणि माउस स्वतःकडं घेतला.

"हां. आता चला!"