साहेबांनी वाचलेलं भाषण

एखाद्या इंग्रजी शब्दाचं मूळ सांगायचं झालं की ते आधी चष्मा काढून टेबलावर ठेवत. "स्वल्प थांबा," म्हणत. घाईचं पत्र असलं तरी आम्ही थांबायचो.

चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घराण्यातले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. एकोणीसशे साठच्या आसपास बंगळूरच्या एका कारखान्यात ते हेडक्लार्क होते आणि मी टायपिस्ट. मी पुण्याहून गेलेला, त्यामुळे आपल्याला इंग्रजी येतं असा माझा समज. तो आठवडाभरच टिकला. साहेबांचं प्रत्येक पत्र अण्णा लिहीत, साहेब न वाचता सही करत. भाषणंही अण्णांचीच, साहेब ती पहिल्यांदा वाचत ती थेट व्यासपीठावर.

अण्णांनी चार वर्षं खपून इंग्रजी शब्दांच्या मुळांची एक पुस्तिका लिहिली. कारखान्यानं ती छापली, लेखक म्हणून साहेबांचं नाव घालून. मुखपृष्ठाचा कागद मीच टाइप केला होता. साहेबांनी सांगितलं, मी केलं. तुमच्या हातून असं कधी झालं नसेल, तर तुम्ही माझ्यापेक्षा बरे.

"अण्णा, तुमचं नाव गायब झालं हो," मी नवल वाटल्यासारखं म्हणालो.

चष्मा टेबलावर आला. "व्हॅनिश. मूळ लॅटिन, वानुस. म्हणजे रिकामा. आधी जागा रिकामी होते, मग दुसरा येऊन बसतो. सरी, असू दे. टाइप छान केलंत."

पुढे सहा वर्षं त्यावर चकार शब्द नाही. अण्णा विसरले, असं मी घरी सांगितलं. माणसं ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

ते निवृत्त झाले. निरोपाचं भाषण साहेबांचं, पण तेही साहेबांनी अण्णांकडूनच लिहवून घेतलं. टाइप करताना दुसऱ्या पानावर माझी बोटं थांबली. मी वर पाहिलं.

"जसंच्या तसं," अण्णा म्हणाले. "तेव्हा केलंत तसं."

समारंभात साहेब रंगात आले होते. निष्ठा झाली, चिकाटी झाली, पान उलटलं आणि त्याच सुरात त्यांनी वाचलं, "ती पुस्तिका यांनी लिहिली. यांचं नाव काढून मी माझं घातलं. पुढच्या आवृत्तीवर यांचंच नाव असेल."

वाचून झाल्यावर त्यांना कळलं. तोवर साहेबांच्या मोठ्या मनाला सगळ्या कचेरीनं टाळ्या सुरू केल्या होत्या. साहेबांना हसून मान लववावी लागली. गळ्यात हार घातलेले अण्णा सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते.

अण्णा गेले घरी. टाइप कोणी केलं, एवढंच साहेबांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, आणि माझी गोदामात बदली झाली. अण्णांनी मलाही सोडलं नव्हतं, हे तिथं खोक्यावर बसल्यावर ध्यानात आलं.

वर्षभरानं नव्या आवृत्तीचे गठ्ठे गोदामात उतरले. तोवर अण्णा वारले होते. मी एक गठ्ठा सोडला आणि मुखपृष्ठावरचं त्यांचं पूर्ण नाव उभ्याउभ्या मोठ्यानं वाचलं. ऐकायला हमाल तेवढे होते.